दोन लाल टाके

आठवड्यातून एकच दिवस बॉयलर थंड असायचा आणि त्या दिवशी आक्काला स्वतःच्या गुडघ्यांचा आवाज ऐकू यायचा. एरवी वाफेच्या फुसफुशीत तो बुडून जाई. आज लाँड्रीचं शटर खाली होतं, तरी आक्का सकाळपासून उभीच होती, कारण नेमके सुट्टीच्या दिवशी पाहुणे आले होते. गुंडीचे मामा-मामी. पत्र पाठवून, रीतसर दिवस कळवून आले होते, आणि कशाला येतोय तेही पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. गुंडीला न्यायला.

वरच्या घरात सगळे एकदम बसतील अशी खोलीच नव्हती. जेवणं उरकल्यावर माणसं खाली उतरली आणि घड्या घालायच्या लांब टेबलाभोवती बसली. या घरातल्या बऱ्यावाईट गोष्टी याच टेबलावर ठरत आल्या होत्या. आक्काचा मोठा भाऊ गेला तेव्हा लाँड्री ठेवायची की विकायची ते इथेच ठरलं. पुढे तीन वर्षांनी वहिनीने “मी ड्रायव्हरशी लग्न करतेय” असं इथेच सांगितलं होतं. तेव्हा आक्काने हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली आणि मग “बरं” म्हटलं. आज टेबलावर चादर नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

“मी कुणाला दोष द्यायला आलेलो नाही,” मामा म्हणाले. ते शाळेत गणित शिकवायचे आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित थांबायचे, मागच्या बाकापर्यंत पोचलं का ते बघितल्यासारखे. “बहीण रागावून घरातून निघून गेली, त्यात आमचंही चुकलं. ती कुठे आहे ते कळेपर्यंत ती राहिली नव्हती. पण भाची आहे ना. तिचं रक्ताचं कुणीतरी आहे हे तिला कळायला नको?”

“कळायला हवं,” आक्का म्हणाली.

“शाळेत पालक म्हणून कुणाचं नाव आहे?”

“माझं.”

“आणि नातं काय लिहिलंय?”

आक्काने टेबलाच्या कडेवरचा एक धागा नखाने काढला. “घरातली, असं लिहिलंय.”

“घरातली हे नातं नव्हे हो.” मामा हे वाईट बोलले नाहीत, उलट जपूनच बोलले, आणि तेच जास्त लागलं. “तुम्ही बघा ना. तुम्ही एकट्या. या तुमच्या वहिनी. हे वहिनींचे दुसरे यजमान. आणि मागच्या खोलीत ते वृद्ध गृहस्थ, ते तर कुणाचेच कुणी नाहीत. एवढ्याशा पोरीने कुणाला काय म्हणायचं?”

“मला ड्रायव्हर म्हणते,” ड्रायव्हर म्हणाला. लाँड्रीची गाडी तोच चालवायचा. घरोघरचे कपडे आणायचे, धुऊन परत पोचवायचे. वहिनीने त्याला कोपराने ढोसलं तसा तो गप्प झाला.

आक्काला आक्का तरी का म्हणायचे? ती कुणाचीच थोरली बहीण नव्हती. पंधराव्या वर्षी इस्त्रीला उभी राहिली तेव्हा कुणीतरी तसं म्हणालं आणि ते चिकटलं. हे मामांना सांगावं असं तिला वाटलं, पण त्याने आपली बाजू बळकट होईल की आणखी लंगडी, हे ठरवण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोरीला ठेवून घेण्याचा आपल्याला काय अधिकार, हा प्रश्न मामांनी विचारायच्या आधीच तिचा स्वतःला पन्नासदा विचारून झाला होता.

गुंडीची आई इथे घडीवाली म्हणून आली तेव्हा पोर वर्षाची होती. आई टेबलापाशी उभी राहून घड्या घालायची आणि पोर टेबलाखाली तुटक्या गुंड्यांचा डबा घेऊन बसायची. तिचं नाव तिथेच पडलं. पोर तीन वर्षांची असताना आई चार दिवसांच्या तापात गेली. कुणी काही ठरवलं नाही. त्या संध्याकाळी आक्काने पोरीला उचलून वर नेलं, एवढंच झालं. आता त्याला सहा वर्षं होत आली.

“वहिनी, तुम्ही तरी बोला,” आक्का म्हणाली.

वहिनीने टेबलावर दोन्ही हात टेकले. “खरं सांगू? जाऊ दे तिला. आपल्याकडे आहे काय? वाफ. तुझे गुडघे गेले, माझी पाठ गेली. माझे दोघं मुलगे या वाफेला कंटाळून परगावी गेले, वळूनसुद्धा बघत नाहीत. हिला निदान मामाकडे अभ्यासाला टेबल मिळेल, ज्याच्यावर दुसऱ्याच्या चादरी नसतील.”

“तुम्हाला ती जड झाली का?”

“आक्का, जड झाली असती तर बरं झालं असतं!” वहिनीचा आवाज चढला. “पोर घरात आहे हे कळतच नाही. आमच्या दोघांनी जन्मात एक मोजा जागेवर ठेवला नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. ही बघ. ताट उचलते, अंथरूण घडी करते, दाराशी चपला जोडीने लावते. मला आधी कौतुक वाटायचं. आता नाही वाटत. पोर अशी नसते. पाहुणे असे असतात.”

आक्का तर गुंडीचं हेच कौतुक चारचौघांत सांगत फिरायची.

मामी इतका वेळ ऐकत होती. ती कपडे शिवायची. बोटांवर सुईच्या खुणा होत्या आणि नजर सारखी लोकांच्या शिलाईवर जायची. “तिचे कपडे दाखवता?” ती आक्काला म्हणाली. “नेलं तरी आणि नाही नेलं तरी, मी एखादा फ्रॉक शिवेन. माप लागेल.”

हे सोपं काम होतं. आक्का उठली, जिन्याच्या कठड्याला धरून वर गेली, मामी मागोमाग. गुंडी मागच्या खोलीत म्हाताऱ्या खूणबाबांजवळ बसली होती. बंद दाराआडून दोघांचं हळू बोलणं ऐकू येत होतं. आक्काने गुंडीच्या कपाटाचं दार ओढलं. रोज सकाळी गुंडी स्वतःच कपडे काढायची, घालायची, धुऊन आलेले स्वतःच ठेवायची. या कपाटात डोकावायची वेळ आक्कावर कित्येक महिन्यांत आली नव्हती.

कपाटात कपडे पसरलेले नव्हते, रचलेलेही नव्हते. खालच्या फळीवर खाकी कागदात बांधलेला एकच गठ्ठा होता. चारी बाजूंनी सुतळी, वर ओढगाठ, अगदी गिऱ्हाइकाकडे पाठवतात तसा. एका बाजूने कागदाला उघडमीट करता येईल अशी घडी होती. रोजचे कपडे तिथून निघत असणार. सुतळीत एक चिठ्ठी खोचलेली होती आणि तिच्यावर लाल पेन्सिलीने दोन उभ्या रेघा होत्या.

मामीने गठ्ठा सोडला. एक फ्रॉक उचलला, आणि सवयीने आधी उलटा केला. गळ्याच्या आतल्या बाजूला दोन लाल टाके होते. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच.

“मघाशी तुम्ही माझ्यासमोर वाकलात तेव्हा तुमच्या झग्याची कॉलर दिसली,” मामी हळू म्हणाली. “तिच्यावर निळी फुली होती. ड्रायव्हरांच्या शर्टालाही होती. घराची खूण असेल असं मला वाटलं.”

“घराचीच आहे.”

“मग हिला का नाही?”

आक्काने फ्रॉक मामीच्या हातातून घेतला. लाँड्रीत प्रत्येक घराला एक खूण असते. धाग्याचा रंग आणि टाक्याचा आकार. शंभर घरांचे कपडे एका पाण्यात पडतात, त्या खुणेवरून ते परत आपापल्या घरी जातात. निळी फुली म्हणजे हे घर. बाकी सगळ्या खुणा गिऱ्हाइकांच्या. हे या घरात कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. गुंडीलाही.

आक्का फ्रॉक तसाच हातात घेऊन खाली आली. येताना तिने मागच्या खोलीचं दार ढकललं आणि म्हणाली, “गुंडे, जरा खाली ये.”

गुंडी आली. मामीने आणून टेबलावर ठेवलेला सुटलेला गठ्ठा बघून आधी तिने सुतळी उचलली, बोटांवर गुंडाळली आणि बाजूला ठेवली.

“हा असा का बांधून ठेवलास?” आक्काने विचारलं.

“न्यायला आले की शोधाशोध नको,” गुंडी म्हणाली. “तूच म्हणतेस ना. गिऱ्हाईक दारात आलं की गठ्ठा तयार पाहिजे.”

“तू गिऱ्हाईक आहेस का?”

गुंडीने फ्रॉककडे बोट दाखवलं. तिला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला असावा. “खूण आहे ना.”

“कधीपासून बांधतेस?”

“खुणा वाचता यायला लागल्यापासून. पहिलीत असल्यापासून.” मग आणखी काही सांगायला हवं असं वाटून ती म्हणाली, “तुझ्यावर निळी फुली आहे. वहिनीवर आहे. ड्रायव्हर आधी आपला नव्हता, तरी त्याच्यावर आहे. खूणबाबांवर पण आहे. माझ्यावरच नाही. मी रडले वगैरे नाही हं. खराब नाही केले मी कपडे.”

ड्रायव्हर उठून शटरापाशी गेला आणि कुलूप नीट लागलंय का ते उगाचच बघू लागला. मामांनी चष्मा काढला. वहिनी आक्काकडे बघत होती आणि तिच्या नजरेत राग नव्हता, त्यामुळे आक्काला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं! तीन वर्षं ही पोर आपल्या कपाटात सुतळी बांधून बसली होती, कुणी न्यायला येईल म्हणून. आणि आपण खाली उभ्या राहून दुनियेच्या कॉलरी कडक करत होतो.

“ती तुझ्या आईची खूण आहे,” आक्का म्हणाली. आवाज फुटत होता, तिने फुटू दिला. “तुझी आई कामाला आली तेव्हा तुमचं घर दोघींचं होतं. एक टाका तिचा, एक तुझा. तिने स्वतः निवडला होता रंग. ती गेली तेव्हा मी म्हटलं, हिच्याकडे आईचं दुसरं काही नाही, फोटोसुद्धा धड नाही. ही खूण तरी राहू दे. दर नव्या कपड्याला मी तीच घालत आले. मला वाटायचं, मी तुझ्या आईला जपतेय.”

“मग तू सांगितलं का नाहीस?”

“सांगायला पाहिजे होतं.” “आमच्या डोक्यात आलंच नाही गं. दिवसभर खुणाच बघतो ना आम्ही.”

मामांनी हात पुढे करून फ्रॉक मागितला. ते त्या दोन टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिले. “लाल,” ते म्हणाले. “लहानपणी बहीण बाकीच्या पेन्सिली सोडून लालच वापरायची, माझीसुद्धा. मी मारायचो त्यावरून.” मग त्यांनी फ्रॉक जपून टेबलावर ठेवला. “हे उसवू नका,” शेवटी ते म्हणाले.

“मग काय करायचं?” वहिनी म्हणाली. “हेच ठेवलं तर पोर उद्या परत गठ्ठा बांधेल.”

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. उघड्या दारातून खालचं बोलणं ऐकून खूणबाबा उतरत होते, एकेका पायरीवर दम खात. चाळीस वर्षं त्यांनी या लाँड्रीत खुणा घातल्या होत्या. डोळे अधू झाले तेव्हा त्यांना जायला जागा नव्हती, म्हणून मागची खोली त्यांची झाली. काखेत खुणांचा पट होता, लांबच लांब पांढरं कापड, त्यावर एकेका घराची खूण टाकलेली. त्यांनी तो टेबलावर उलगडला. गुंडी लगेच त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“ही कोण?” बाबांनी एका खुणेवर बोट ठेवलं.

“हिरवा त्रिकोण. तीन बहिणी आणि त्यांचा पोपट,” गुंडी म्हणाली. “पोपटाचं पांघरूण पण धुवायला येतं.”

“ही?”

“आजोबा आणि नात. ही जांभळी दोन टिंबं, दोन आया आणि एक मुलगा. आणि ही नारिंगी रेघ, ते काका एकटेच असतात. पण शनिवारी त्यांची मुलं येतात, तेव्हा चादरी तीन होतात.”

“यातलं खोटं घर कोणतं?”

गुंडीला हसू आलं. “खोटं कसं असेल? सगळ्यांचे कपडे येतात की.”

मामा मान वाकवून पट बघत होते. गणिताच्या माणसाला न मांडलेलं गणित समोर आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. बाबांचं बोट सरकत सरकत एका पिवळ्या चौकटीवर थांबलं. चौकटीच्या आत एक हिरवा ठिपका होता. “आणि ही कशी झाली?”

“चौकट म्हणजे बाप आणि चार मुलं. मग ठिपक्यावाली आई तिची दोन मुलं घेऊन तिथे राहायला आली.”

“मग आपण काय उसवलं?”

“काहीच नाही.” गुंडी बोलता बोलता थांबली. “ठिपका चौकटीत घातला.”

“धंद्याचा नियम आहे,” खूणबाबा मामांना म्हणाले. “दोन घरं एक झाली की कुठलीच खूण उसवायची नाही. जोडायची.” मग ते आक्काकडे वळले आणि त्यांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. “अशा वीस खुणा तू स्वतःच्या हाताने जोडल्यास. स्वतःच्या घराच्या वेळेला कुठे गेली होती अक्कल?”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

“मला दिसत नाही,” खूणबाबा म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच टेबलाभोवती कुणीतरी हसलं.

पण मामांचा प्रश्न तसाच होता. त्यांनी गुंडीला जवळ बोलावलं. तिला विचारायचं की नाही, यावर ते मनाशी झगडत होते हे आक्काला दिसलं. हा प्रश्न पोरीच्या गळ्यात घालू नका, असं तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडण्याचा हक्क आत्ताच तिने स्वतःच्या चुकीने घालवला होता, असं तिला वाटत होतं. ती खुर्चीला धरून उभी राहिली.

मामांच्या आधी गुंडीनेच विचारलं. “तुमच्या घराची खूण कोणती?”

मामा गोंधळले. मामी म्हणाली, “आमच्याकडे खूण नसते गं. आम्ही घरीच धुतो.”

“मग कपडे हरवले तर?”

“हरवत नाहीत. हरवून जाणार कुठे?”

गुंडीने यावर विचार केला. “इथे हरवतात,” ती म्हणाली. “पण सापडतात. ड्रायव्हर परत जाऊन आणतो. एकदा एका मोज्यासाठी पार पुलापलीकडे गेला होता.” मग ती आक्काच्या बाजूला येऊन उभी राहिली. हातसुद्धा धरला नाही. नुसती उभी राहिली.

मामीने गठ्ठ्यातले फ्रॉक एकेक करून टेबलावर सुटे ठेवले. कागदाची घडी केली आणि आपल्या पिशवीत टाकली. “चला,” ती मामांना म्हणाली. “सुट्टीत येईल ती आपल्याकडे. तुमच्या बहिणीची खोली बघेल, आपल्या पोरांशी भांडेल. पाहुणी म्हणून येईल. कुठेतरी पाहुणी व्हायचंच असेल तर आपल्याकडे होऊ दे. इथे नको.”

“बहीण गेल्यावर सहा वर्षांनी पहिल्यांदा भेटतोय मी तिला,” मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. “मोकळ्या हाताने परत जाऊ?”

“मोकळ्या हाताने कशाला?” वहिनी म्हणाली. मघाशी ‘जाऊ दे’ म्हणणारी वहिनी ती हीच, पण घरात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. “खिशातला रुमाल काढा.”

रुमाल निघाला. गुंडीने सुई मागितली, लाल दोरा ओवला आणि कोपऱ्यात दोन टाके घातले, एक सरळ, एक थोडा तिरका. मामांनी रुमाल वापरायचा तर सोडाच, खिशातही ठेवला नाही. गाडी सुटेपर्यंत तो त्यांच्या मुठीत होता असं ड्रायव्हरने स्टेशनवरून आल्यावर सांगितलं.

मग कामाला तोटा राहिला नाही. निळ्या फुलीशेजारी दोन लाल टाके, घरातल्या प्रत्येक कपड्यावर. आक्काने मोजले तर दीडशेच्या वर निघाले, आणि त्यात ड्रायव्हरचे सगळे बनियन होते. “त्यांना पण?” तिने कण्हत विचारलं. “त्यांना पण,” गुंडी म्हणाली. तिच्या फ्रॉकांवर निळी फुली घालायला खूणबाबांनी स्वतः सुई धरली. फुल्या वेड्यावाकड्या आल्या आणि त्या कुणी सुधारल्या नाहीत. दिवसभर इस्त्री आणि संध्याकाळी हे. आक्काची बोटं भोकं पडून सुजली. पण बांधलेला गठ्ठा मनातून जात नव्हता. रोज सकाळी गुंडी शाळेत गेली की आक्का जिना चढायची आणि कपाट उघडून बघायची. सुतळी नव्हती. कपडे मात्र तसेच, कडा जुळवून, एकावर एक. मुलीच्या मनातून जायला वेळ लागणार, असं म्हणून ती पाय ओढत खाली यायची.

दुसऱ्या आठवड्यात बॉयलर बिघडला. कामं तुंबली, गिऱ्हाइकं दारात येऊन बोलून गेली. चारला गुंडी शाळेतून आली आणि धाडधाड वर गेली. आक्का पाणी प्यायला म्हणून मागोमाग चढली. वरच्या पायरीशी तिचा पाय घसरला. बघते तर मोजा. चिखलाचा, उलटा. पुढे चार पावलांवर दुसरा. दप्तर दारातच आडवं. एक चप्पल इकडे, एक तिकडे, आणि खोलीच्या मधोमध शाळेचा फ्रॉक, जसा अंगातून निघाला तसा.

आक्काचं डोकंच फिरलं. सकाळपासूनचा सगळा वैताग एकदम वर आला. “गुंडे!” ती ओरडली, इतकं की खाली वहिनीने इस्त्री उचलून धरली. “हे मोजे कोण उचलणार?”

मागच्या खोलीतून, तोंडात घास असताना यावा तसा आवाज आला. “तू!”

आक्का तशीच उभी राहिली. मग तिने भिंतीला हात लावला, गुडघ्यांचा कडकड आवाज ऐकत ती खाली वाकली आणि पहिला मोजा उचलला. त्याच्या कडेला निळी फुली होती, शेजारी दोन लाल टाके. दुसरा मोजा उचलायच्या आधी ती पायरीवर बसली आणि तिथेच, तो घाणेरडा मोजा मांडीवर घेऊन, ती पोटभर रडली.